काँक्रीटचा स्केट रॅम्प

स्केटबोर्डच्या रॅम्पचे सर्वांत साधे रूप म्हणजे क्वार्टर पाइप. सपाट जमिनीतून निघून वर्तुळाच्या गोलाईत वर चढत जाणारी ही अंतर्वक्र भिंत असते. तिच्या माथ्यावर उभे राहण्यापुरता सपाट ओटा असतो, आणि ओटा व भिंत जिथे भेटतात त्या काठावर लोखंडी पाइप बसवलेला असतो. वक्र भागाला स्केटर ट्रान्झिशन म्हणतात, ओट्याला डेक आणि काठाच्या पाइपाला कोपिंग. दोन क्वार्टर पाइप समोरासमोर ठेवून मधे सपाट जमीन सोडली की हाफ पाइप होतो. वक्र भिंती चहूबाजूंनी वळवून घेतल्या की बोल. बोलच्या कोपऱ्यांत गोलाई दोन दिशांनी वळते, म्हणून तो नवख्याने हाती घेण्याचा प्रकार नव्हे. हाताने बांधायचा पहिला रॅम्प क्वार्टर पाइपच असावा.

घरच्या आवारात उभे राहणारे बहुतेक रॅम्प लाकडाचे असतात. प्लायवूडचा रॅम्प चुकला तर स्क्रू काढून दुरुस्त करता येतो, घर बदलले तर सोडवून नेता येतो. पण तो पावसात फुगतो, त्याचे थर सुटतात, आणि आतून पोकळ असल्यामुळे त्यावरच्या चाकांचा दणदणाट शेजाऱ्यांना नकोसा होतो. काँक्रीट पावसाला भीत नाही, फारसे वाजत नाही आणि नीट बांधले तर अनेक दशके टिकते. अडचण एवढीच की त्यात राहिलेली चूकही तितकीच टिकते. त्यामुळे अशा रॅम्पचे खरे काम काँक्रीट कालवण्याच्या आधीच संपलेले असते. मोजमाप, भराव, साचे आणि सळई यांत जे चुकले ते थापीने सुधारत नाही.

काँक्रीटच्या गोलाईशी स्केटबोर्डची गाठ पडली ती कॅलिफोर्नियातल्या पोहण्याच्या तलावांत. तिथल्या बंगल्यांमागच्या अनेक तलावांच्या भिंती तळाशी गोल वळण घेत. १९७६-७७ मध्ये त्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, पाण्याच्या वापरावर बंधने आली आणि कितीतरी तलाव कोरडे राहिले. त्याच्या थोडे आधी फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके बाजारात आणली होती. आधीची चाके धातूची किंवा चिकणमातीच्या मिश्रणाची असत; ती घसरत आणि लहानशा खड्यालाही अडत. युरेथेनच्या चाकांना पकड होती. सँटा मोनिका भागातली टोनी अल्वा, जे अ‍ॅडम्स, स्टेसी पेराल्टा ही मुले कुंपणे ओलांडून, बहुधा मालकाच्या नकळत, त्या कोरड्या तलावांत उतरली आणि भिंतींवर चढू लागली. तलावाच्या काठाला जे पुढे आलेले गोलसर ठोकळे असत, त्यांवर बोर्डाखालचा धातूचा दांडा घासत नेणे हा कसबाचा भाग बनला. आजच्या रॅम्पवरचा कोपिंगचा पाइप हा त्या ठोकळ्यांचाच वारस आहे.

हे तलाव बांधण्याची रीत मुळात एका भलत्याच उद्योगातून आली होती. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने घडवणाऱ्या कार्ल एकली याने १९०७च्या सुमारास दाबाखालच्या हवेने सिमेंट-वाळूचा फवारा मारणारे यंत्र तयार केले. संग्रहालयाच्या इमारतीचा पडझड झालेला दर्शनी भाग दुरुस्त करणे हा त्यामागचा हेतू होता. फवाऱ्याचा माल उभ्या भिंतीवर आदळून तिथेच घट्ट बसतो, त्यामुळे साचा एकाच बाजूला लागतो आणि हवा तो वक्र आकार देता येतो. पुढे पोहण्याचे तलाव, बोगदे आणि स्केटपार्क यांना हे तंत्र फारच मानवले. आज व्यावसायिक बांधणारे रॅम्पची गोलाई बहुधा फवाऱ्यानेच भरतात. घरी बांधणाऱ्याला ती सोय नसते. त्याला तेच काम घट्ट काँक्रीट हाताने थापून करावे लागते.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काँक्रीटचे स्केटपार्क झपाट्याने उभे राहिले. लंडनच्या पूर्वेकडच्या हॉर्नचर्च इथला १९७८चा ‘रोम’ हा त्यांतला एक. २०१४ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. अमेरिकेतल्या बऱ्याच पार्कांच्या नशिबी मात्र बुलडोझर आला. अपघातांच्या दाव्यांपोटी विम्याचे हप्ते परवडेनासे झाले, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक पार्क बंद पडले किंवा पाडले गेले. स्केटर घरामागच्या लाकडी रॅम्पांकडे वळले.

काँक्रीटकडे परतण्याची वाट ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात निघाली. बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली एक घाणेरडी, अमली पदार्थांच्या व्यवहारांसाठी कुप्रसिद्ध जागा होती. पोर्टलंडला पाऊस भरपूर, आणि पुलाखाली आयते छप्पर. १९९० च्या हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, काही स्केटरांनी तिथल्या भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटचा पहिला उतार ओतला. परवानगी कोणाचीच नव्हती. मग एकेक तुकडा वाढत गेला. दुसरीकडचे काम संपवून परतणाऱ्या काँक्रीटच्या ट्रकांमधला उरलेला मालही वापरला गेला. जागेचा बदललेला रंग पाहून आसपासचे व्यावसायिक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अखेरीस शहराने त्या बांधकामाला मान्यता दिली. बर्नसाइडचा आराखडा कधीच एकसंध नव्हता. जे चुकले ते फोडले, पुन्हा ओतले, त्याला नवी गोलाई जोडली. तिथे हात साफ केलेल्या मार्क स्कॉट यांनी पुढे ‘ड्रीमलँड’ ही स्केटपार्क बांधणारी कंपनी काढली. फिलाडेल्फियात महामार्गाखाली एफडीआर आणि सिअ‍ॅटलमध्ये मार्जिनल वे हे पार्क अशाच हातांनी उभे राहिले. हौशी हातांनी बांधलेले काँक्रीट व्यावसायिकाच्या तोडीचे होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. पण ते पहिल्याच ओतकामात तसे होत नाही, याचाही.

भारतातले एक ठळक उदाहरण मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावाचे. उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये तिथे काँक्रीटचा स्केटपार्क झाला. शाळेत न जाणाऱ्याला स्केटबोर्ड नाही आणि मुलींचा नंबर आधी, हे तिथले दोन नियम. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंग इथल्या जागतिक स्पर्धेत उतरली.

रॅम्पचा स्वभाव दोन आकडे ठरवतात: उंची आणि गोलाईची त्रिज्या. त्रिज्या उंचीइतकीच ठेवली तर भिंत माथ्याशी अगदी उभी होते आणि नवख्याला ती आपटून टाकते. त्रिज्या फार मोठी ठेवली तर गोलाई जाणवतच नाही, नुसता उतार होतो. शिकणाऱ्यांसाठी ९० सेंटिमीटर उंची आणि १.८ मीटर त्रिज्या, म्हणजे साधारण तीन फूट आणि सहा फूट, हे माप चांगले जमते. यात माथ्याशी चढ ६० अंशांचा होतो. खेळाला पुरेसा तीव्र, तरी उभा नव्हे. गोलाई जमिनीवर किती जागा खाते हे काढण्यासाठी त्रिज्येची दुप्पट आणि उंची यांच्या गुणाकारातून उंचीचा वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ घ्यायचे. वरच्या मापात उत्तर येते १.५६ मीटर. वक्र पृष्ठभागाची प्रत्यक्ष लांबी १.८८ मीटर भरते.

ही गोलाई सुरुवातीला किती मंद असते ते आकड्यांवरून कळते. चढ सुरू होतो तिथपासून ३० सेंटिमीटर पुढे गेले तरी पृष्ठभाग जेमतेम अडीच सेंटिमीटर उचललेला असतो. ६० सेंटिमीटरवर तो १० सेंटिमीटर, ९० वर २४, १२० वर ४६ आणि १५० वर ८० सेंटिमीटर असतो. पहिल्या फुटातली ती अडीच सेंटिमीटरची चढण हौशी बांधणाऱ्यांकडून हमखास चुकते. नजरेला ती सपाटच भासते, म्हणून तिथे काँक्रीट जास्त किंवा कमी पडते आणि सपाट जमिनीशी सांधा मोडतो. वेगात आलेल्या स्केटरला तो मोडलेला सांधा गुडघ्यांत जाणवतो.

त्रिज्येचा दुसरा परिणाम शरीरावर पडणाऱ्या भारात दिसतो. ९० सेंटिमीटर उंचीवरून सुटलेला बोर्ड तळाशी सेकंदाला सुमारे ४.२ मीटर वेग घेतो. १.८ मीटर त्रिज्येच्या गोलाईत या वेगाला वळण देण्यासाठी लागणारा जोर बरोबर शरीराच्या वजनाइतका असतो. मूळ वजन धरून पायांवर दुप्पट भार येतो. त्रिज्या १.२ मीटर केली तर तोच भार अडीचपट होतो. स्केटर याच भाराचा उपयोग करतात. गोलाईत शिरताना वाकलेले गुडघे चढताना ताठ केले की वेग वाढतो, झोपाळ्यावर उभे राहून झोका वाढवतात तसा. गोलाई एकसारखी नसेल तर हा ताल जमत नाही.

जागा निवडताना रॅम्पच्या पुढे मोकळी सपाट जमीन किती उरते ते आधी पाहावे. वेग घेण्यासाठी आणि परत येताना थांबण्यासाठी निदान सात-आठ मीटर हवेत. जमीन स्वतःची नसेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी आणि सोसायटीच्या आवारात तर ती घेतल्याशिवाय फावडेही उचलू नये. बर्नसाइडची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण परवानगीविना ओतलेले काँक्रीट बहुतेक ठिकाणी फोडलेच जाते, आणि ओतण्यापेक्षा फोडण्याचा खर्च जास्त जिव्हारी लागतो. जमिनीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी जात नाही याचीही खात्री करावी.

रॅम्पच्या खाली काय आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. पठारी महाराष्ट्रातली काळी माती या कामाची वैरीण आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर दोन्ही वेळा तडकतो. ती शक्य तितकी काढून जागी मुरूम भरावा. कोकण-गोव्यातली जांभ्याची टणक जमीन त्या मानाने बरी. मुरुमाचा भराव एकदम न टाकता १५ सेंटिमीटरच्या थरांत टाकावा, प्रत्येक थर किंचित ओला करून धुमसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकावा. पाणी फार झाले तर मुरूम चिखल होतो, कमी पडले तर दबत नाही. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा आणि हाताला पाणी सुटू नये एवढी ओल पुरते. डेब्रिज, विटांचे तुकडे, झाडाची मुळे यांचा भराव स्वस्त पडतो, पण आत पोकळ्या राहतात आणि एके दिवशी डेक खचतो. ३.६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल डेकच्या क्वार्टर पाइपला चारेक घनमीटर दाबलेला भराव लागतो. सुटा मुरूम त्याहून बराच जास्त मागवावा लागतो, कारण ठोकल्यावर तो बसतो. डेकच्या मागे भराव धरून ठेवायला भिंत बांधायची तर तिला पाणी निघायला छिद्रे ठेवावीत. जागा असेल तर भिंतीची भानगड टाळून मागे मातीचा उतार ठेवणे सर्वांत सोपे.

मग साचे. वक्र कडा काढण्यासाठी १८ मिलिमीटरचा प्लाय सपाट फरशीवर ठेवतात. एका लांब पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि तिथून बरोबर १.८ मीटरवर पेन्सिल बांधली की मोठा कंपास तयार होतो. त्याने आखलेली रेघ जिगसॉने कापली की रॅम्पच्या बाजूचा साचा मिळतो. असे दोन साचे दोन्ही कडांना, ओळंब्यात आणि एका पातळीत, मागून टेकू देऊन पक्के करतात. ३.६ मीटर अंतरावरची पातळी मिळवायला गवंड्यांची पाण्याची नळी अजूनही लेसर लेव्हलइतकीच विश्वासाची आहे. रुंदी जास्त असेल तर मधे तिसरी वक्र पट्टी लावतात, म्हणजे काँक्रीट ओढायची फळी लहान राहते.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवे. काँक्रीटची जाडी साडेबारा सेंटिमीटर हवी म्हणून अनेक जण तीच १.८ मीटरची गोलाई साडेबारा सेंटिमीटर खाली सरकवून भराव कोरतात. तळाशी जाडी बरोबर भरते. पण जसजसा चढ वाढतो तसतशी पृष्ठभागाला काटकोनात मोजलेली जाडी कमी होत जाते, आणि ६० अंशांच्या माथ्याशी ती निम्मी, सव्वासहा सेंटिमीटर उरते. म्हणजे कोपिंगवर सर्वाधिक धक्के बसतात नेमकी तिथेच कवच पातळ. बरोबर रीत अशी की वर्तुळाचा मध्य तोच ठेवून भरावाची त्रिज्या जाडीइतकी वाढवायची. पृष्ठभाग १.८ मीटरचा असेल तर भराव १.९२५ मीटरच्या गोलाईत कोरायचा. त्यासाठी वेगळा प्लायचा साचा कापून तो भरावावर फिरवून तपासावा.

सळई मधोमध बसवतात. १० मिलिमीटरच्या सळयांची ३० सेंटिमीटर चौकटीची जाळी या आकाराला पुरते. उभ्या सळया १.८६ मीटरच्या गोलाईत वाकवायच्या. त्या तळाशी सपाट भागात निदान अर्धा मीटर आणि माथ्यावर डेकमध्ये तितक्याच शिराव्यात, म्हणजे तिन्ही भाग एकमेकांना धरून राहतात. प्रत्येक छेद बाइंडिंग वायरने बांधावा आणि जाळी कव्हर ब्लॉकवर उचलावी. जाळी आधी जमिनीवर टाकून ओतताना हुकाने वर ओढू, हा बेत कागदावरच बरा. काँक्रीट पडल्यावर जाळी तळाशीच राहते आणि तिथे तिचा उपयोग जवळजवळ शून्य. सळई काँक्रीटला तडा जाऊ देत नाही असा समज आहे, तोही अर्धवट आहे. तडे जातातच, सळई ते बारीक ठेवते आणि दोन्ही कडा एका पातळीत धरते.

कोपिंगसाठी ५० मिलिमीटर मापाचा, म्हणजे बाहेरून सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचा, जाड पत्र्याचा काळा पाइप घेतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप गंजत नाही खरा, पण वेल्डिंग करताना त्यातून निघणारा जस्ताचा धूर श्वासात गेला तर अंगात ताप भरतो. पाइपाच्या मागच्या बाजूला सळईचे तुकडे वेल्ड करून ते जाळीत अडकवतात, दोन्ही टोके पत्र्याने बंद करतात. पाइप पृष्ठभागापासून किती बाहेर राहावा हा या साऱ्या बांधकामातला सर्वांत नाजूक हिशेब. डेकच्या वर आणि गोलाईच्या पुढे, दोन्हीकडे दोन ते तीन सूत, म्हणजे साधारण ६ ते १० मिलिमीटर, तो डोकावला पाहिजे. कमी डोकावला तर बोर्डाखालचा दांडा त्यावर टेकतच नाही आणि काठावर घासत जाण्याची मजा जाते. जास्त डोकावला तर खाली उतरताना मागची चाके त्याला अडकतात आणि स्केटर तोंडावर पडतो. म्हणून प्लायच्या साच्यांत माथ्याशी पाइपाच्या मापाची खाच कापून घ्यावी आणि पाइप त्या खाचेत बसवूनच वेल्ड करावा. नजरेच्या अंदाजावर हे सोडू नये.

काँक्रीटचा विचार करताना गवंडी आणि मदतनीस यांच्याशी आधीच बोलून घ्यावे, कारण स्लॅबसाठी ते जे पातळ, वाहते काँक्रीट कालवतात ते इथे बाद आहे. ६० अंशांच्या चढावर ते ओघळून खाली येते. इथे माल इतका घट्ट हवा की मुठीत दाबलेला गोळा आकार धरून राहील. २० मिलिमीटरची नेहमीची खडी न घेता १० मिलिमीटरची बारीक खडी घ्यावी. मोठी खडी गोलाईवर गडगडते आणि पृष्ठभाग घोटू देत नाही. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणाला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या सिमेंट लागते. गोलाईच्या भागासाठी सिमेंटचे प्रमाण थोडे वाढवणे फायद्याचे. ५० किलोच्या गोणीला पाणी २५ लिटरच्या वर जाऊ नये, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. घट्ट माल थापायला जड जातो म्हणून ‘थोडे पाणी सोडा’ अशी हाक हमखास येते. ती ऐकली की ताकद गेली, आणि पृष्ठभागावर पुढे पांढरी भुकटी सुटणार हेही ठरले. फारच जड जात असेल तर काँक्रीट मऊ करणारे रसायन मिळते, ते मोजून घालावे.

वरच्या मापात गोलाई, डेक आणि पुढचा तीन मीटर सपाट भाग मिळून सुमारे २.४ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे पावणेसहा टन. ते सगळे एका दिवसात करण्याची हाव धरू नये. पहिल्या दिवशी फक्त गोलाई. ती एकाच दमात, मधे सांधा न ठेवता संपवावी लागते. थंड हवेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, सकाळी लवकर सुरुवात करावी. एप्रिल-मेच्या उन्हात आणि वाऱ्यात काँक्रीटची वरची साय आतल्यापेक्षा आधी सुकते आणि काही तासांत नकाशासारख्या भेगा उमटतात. आदल्या संध्याकाळी भराव पाणी मारून ओलसर ठेवावा, नाहीतर तो काँक्रीटमधले पाणी ओढून घेतो.

थापायला तळापासून सुरुवात करायची आणि वर चढत जायचे. खालचा थर वरच्याला आधार देतो. घमेल्याने माल टाकून तो जाळीच्या खालपर्यंत लाकडी ठोकळ्याने ठासून बसवावा. सुईचा व्हायब्रेटर चढावर जपून वापरावा, जरा जास्त झाले की भरलेले सगळे खाली सरकते. दोन्ही साच्यांवर टेकलेली सरळ फळी करवतीसारखी डावी-उजवी हलवत खालून वर ओढत नेली की गोलाई उमटते. खड्डा दिसेल तिथे लगेच माल भरून पुन्हा फळी फिरवावी. हे दोन-तीन फेऱ्यांत होते. यानंतर खरी कसोटी संयमाची लागते. पृष्ठभागावर पाण्याचे तेज दिसते तोवर हात लावायचा नाही. ते उडून गेले की लाकडी रंधा, मग बोटाने दाबल्यावर पुसट ठसा उमटेल इतका घट्टपणा आला की स्टीलची थापी. कोबा घोटतात तसेच हे घोटणे, फक्त थापीच्या कडा गोल आणि पाते किंचित लवचिक हवे, नाहीतर ते गोलाईत टोचून रेघा ओढते. घोटताना वरून पाणी किंवा कोरडे सिमेंट शिंपडण्याची सवय इथे मोडलीच पाहिजे. त्या पातळ थराचे पापुद्रे निघतात. बोर्डाची चाके जेमतेम ५२ ते ५६ मिलिमीटर व्यासाची आणि दगडासारखी टणक असतात, म्हणून घरच्या अंगणाला चालणारा खडबडीतपणा रॅम्पला चालत नाही.

या कामात त्वचेकडे दुर्लक्ष होते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. तासन्तास गुडघे टेकून काम करणाऱ्याची कातडी त्याने भाजते, आणि ते भाजणे उशिरा कळते. रबरी हातमोजे, गमबूट आणि गुडघ्यांना जाड आवरण हवेच. सुकलेले काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाणी सोडत कापावे आणि मास्क लावावा.

पाणी मारणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा. स्लॅबवर करतात तशी आळी घालून पाणी साठवण्याची सोय चढावर नसते. गोणपाट पसरून ते सतत ओले ठेवावे, वर प्लॅस्टिक ताणावे. साध्या सिमेंटला निदान सात दिवस. कोरड्या, उष्ण हवेत भारतीय मानक दहा दिवस सांगते. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल, आणि बाजारात आज बहुधा तेच मिळते, तर अशा हवेत चौदा दिवस.

गोलाई आवळल्यावर तिचे साचे सोडवून डेक ओतावा आणि सपाट भाग शेवटी. गोलाई आणि सपाट भाग यांचा सांधा चढ सुरू होतो त्या रेषेवर ठेवू नये. गोलाईचे ओतकाम तिथून फूटभर पुढे सपाटीत आणून थांबवावे, म्हणजे सांधा चाकांवरचा भार कमी असलेल्या जागी येतो. सपाट भागाला रॅम्पपासून दूर जाणारा मीटरमागे एक-दीड सेंटिमीटरचा उतार द्यावा, नाहीतर चढाच्या पायथ्याशी पाणी साचते. काँक्रीट आक्रसताना कुठेतरी तडकणारच, तर त्याला जागा नेमून द्यावी: १० सेंटिमीटर जाडीच्या सपाट भागात अडीच ते तीन मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल, अरुंद चीर दुसऱ्या दिवशी कापावी.

काँक्रीट पूर्ण ताकदीला येण्याचा हिशेब २८ दिवसांचा धरतात. दोन आठवड्यांनी चाके फिरवायला हरकत नाही, कोपिंगवर घासणे मात्र महिनाभर थांबवावे, कारण पाइपामागचे काँक्रीट कोवळे असताना बसलेले धक्के तो कायमचा सैल करतात. हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची पॅडे पहिल्या दिवसापासून लागतात. लाकूड पडणाऱ्याला थोडे सामावून घेते, काँक्रीट घेत नाही.

देखभाल फार नसते. पावसाळ्यानंतर शेवाळ ब्रशने घासून काढावे, डेकमागचा भराव वाहून गेला असेल तर पुन्हा ठोकावा, पाइपाला गंज धरला असेल तर घासून घ्यावा. केसाएवढ्या भेगा चाकाला कळत नाहीत, त्यांना हात लावू नये. तीन-चार मिलिमीटर रुंदीची किंवा एक कड वर आलेली भेग इपॉक्सीने भरून घासून सपाट करावी. रंगवायचे असेल तर डेकची मागची भिंत रंगवावी; चाकांच्या वाटेवर लावलेला ऑइल पेंट जरा ओल आली की निसरडा होतो.